समासातली पेन्सिल

अलिबागच्या रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्यांच्या माळा टांगलेल्या दिसू लागल्या की आमच्या शाळेत बाकांवर खडूने आकडे पडायला लागतात. दहावीच्या परीक्षेचं केंद्र बसतं. नववीची मुलं प्रयोगशाळेत हलवली जातात आणि उंच स्टुलांवर बसून, पाय लोंबकळत ठेवून मराठीचा धडा ऐकतात. खिडकीतून मोहोराचा उग्र वास येतो आणि वारा थळच्या बाजूने असला तर त्यात सुकत घातलेल्या बोंबलांचाही मिसळतो. गेली अकरा वर्षं मी या शाळेत शिकवते आहे, आणि त्याआधी पाच वर्षं इथेच शिकले. हे दिवस मला आवडायचे. या वर्षी मात्र पहिली कांद्याची माळ दिसली तेव्हा मी एसटीच्या खिडकीतून दुसरीकडे पाहिलं.

कारण याच दिवसांत मुलांच्या लेखनाचं आमचं वार्षिक हस्तलिखित शिवलं जायचं.

आमच्या शाळेत शनिवारी शाळा सुटल्यावर लेखनवर्ग भरतो. तो सुरू केला गुरव सरांनी. ते इतिहास शिकवत, मराठी नव्हे, आणि त्यामुळे मराठीच्या बाई काही दिवस त्यांच्याशी जरा तुटक बोलत असत. निबंधाच्या वहीतलं 'सूर्य अस्ताला जात होता, पक्षी घरट्याकडे परतत होते' हे सरांना सहन होत नसे. ते मुलाला जवळ बोलवत, त्या वाक्याच्या बाजूला समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहीत: कोणी पाहिलं? मग मुलाने सांगायचं. पाहिलं असेल तर कोणी, कुठून. उत्तर पटलं की सर स्वतःच्या खिशातला खोडरबर काढून ती पेन्सिल पुसत. कोणीच पाहिलं नसेल तर वाक्य काढायचं. खोडरबर फक्त सरांचा. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण आम्हाला तो दहाच्या पाढ्याइतका पाठ होता.

दुसरा नियम पोपटीचा, म्हणजे मडक्यात शेंगा भाजण्याच्या दिवसाचा. जानेवारीच्या शेवटी वालाच्या शेंगा भरल्या की सर सगळ्या वर्गाला शाळेमागच्या शेतात न्यायचे. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ, पुन्हा पाला. मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या रचून पेटवायचं. जाळ लागला की आम्ही जोडीजोडीने बसायचो. एकाने आपली एक आठवण सांगायची, दुसऱ्याने ऐकायची. हातात कागद नाही, पेन नाही. सर मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडत. चर्र आवाज आला की पोपटी झाली आणि सांगणंही संपलं. मग ऐकणाऱ्याने घरी जाऊन ती आठवण लिहायची, आणि 'मी' म्हणून लिहायची. दुसऱ्याचं 'मी' होऊन. सर म्हणायचे की स्वतःबद्दल सगळेच लिहितात, दुसऱ्याच्या तोंडून 'मी' म्हणताना माणूस जपून बोलतो.

सगळेच काही जपून बोलत नव्हते. आमच्या वर्गातल्या एकाने जोडीदाराच्या मार खाण्याच्या आठवणीत छड्या दोनाच्या सहा केल्या होत्या. सरांनी विचारलं, कोणी पाहिलं. जोडीदार उभा राहून म्हणाला, "सर, मी खाल्ल्यात. दोनच होत्या. तिसरीला मी पळालो." वर्ग हसला, सरही हसले, आणि चार छड्या कमी झाल्या.

माझी जोडीदार हेमा होती. थळच्या कोळीवाड्यातली. माझे वडील अलिबागच्या कोर्टात कारकून, म्हणून ती मला कोर्टवाली म्हणायची. माझं अक्षर बारीक आणि सरळ होतं; तिच्या मते ते मुंग्यांच्या रांगेसारखं होतं आणि एखाद्या दिवशी गूळ दिसला की वहीतून निघून जाणार होतं. ती स्वतः मोठं, वाकडं, भराभर लिहायची. डब्यात माझ्याकडे पोळी आणि बटाट्याची भाजी, तिच्याकडे तांदळाची भाकरी आणि सुका जवळा. वर्गात तिचा डबा उघडला की काहीजण नाक मुरडत. ती डबा आणखी थोडा उघडून ठेवायची.

नववीतल्या त्या पोपटीला मी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. चौदा वर्षांच्या आयुष्यात माझ्या घरात काही घडलंच नव्हतं. हेमा म्हणाली, राहू दे, मी सांगते. जाळाच्या धगीने तिचा चेहरा तांबूस झाला होता आणि ती काटकीने मातीत रेघा ओढत होती.

ती सात वर्षांची असतानाची गोष्ट. तिचे बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होते. त्यांचा एक लहानसा रेडिओ होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. गाण्यांसाठी आणि हवामानासाठी. हेमाने खेळताना तो बंदराच्या पायरीवरून पाण्यात पाडला. बाबा त्या दिवशी तिच्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या सकाळी ती आणि आई डबा घेऊन किनाऱ्यावर गेल्या. मोठी बोट लांब उभी होती. लहान होडीतून माणसं तिच्यापर्यंत जायची. बाबांनी आईकडून डबा घेतला आणि गुडघाभर पाण्यातून चालत गेले. हेमाने दोनदा हाक मारली. ते होडीत चढले. मागे पाहिलं नाही. ती बोट परत आली नाही.

"तो रागातच गेला," हेमा म्हणाली. मग काटकी जाळात टाकून म्हणाली, "रेडिओचा नको लिवू हां. त्यो मी कुनालाच नाय सांगितला. आयलापन नाय इचारला कवा."

सरांनी पाणी शिंपडलं. चर्र झालं. आम्ही शेंगा खाल्ल्या. वालाचे दाणे गरम होते आणि हेमा माझ्या वाटणीची अंडीही खाऊन गेली.

मी ते तीन रात्री लिहिलं. रेडिओ वगळायचा म्हणून वगळला. पण तो काढल्यावर शेवटी काहीच उरेना. बाप चालत जातो, मुलगी हाक मारते, बाप मागे पाहत नाही; का पाहत नाही ते सांगायचं नाही. पान रिकामं वाटायला लागलं. आणि मला हेमा आवडायचीही. तिचा बाबा असा पाठमोरा, कायमचा पाठमोरा उभा राहिलेला मला बघवेना. म्हणून मी लिहिलं: 'होडीत चढल्यावर बाबा वळले आणि त्यांनी हात वर केला.' मला ते वाक्य फार चांगलं वाटलं. आजही मला ते चांगलंच वाटतं, हे लिहिताना लाज वाटते.

पक्की पानं सरांच्या टेबलावर गेली. हस्तलिखिताची दुसरी प्रत नसायची. त्याच पानांवर सर शेवटची पेन्सिल फिरवत आणि मग तीच शिवली जात. मार्च उजाडला, केंद्र बसलं, सर सुपरव्हिजनला अडकले. ज्या दुपारी पानं शिवायची होती त्या दुपारी मी प्रयोगशाळेत आधी पोचले. माझं पान वरच होतं. सगळं स्वच्छ होतं. फक्त त्या एका वाक्याशेजारी, समासात: कोणी पाहिलं?

उत्तर मला माहीत होतं. सरांकडे जाऊन कोणीच नाही असं सांगायचं, आणि वाक्य काढायचं. किंवा हेमाला विचारायचं, आणि हेमाने आईला. पण पान शाईने लिहिलेलं, खाडाखोड करायची तर सबंध पान पुन्हा. एवढंच मी स्वतःला सांगितलं. कंपासमधून माझा खोडरबर काढला आणि ते दोन शब्द पुसले. जोर जास्त लागला. कागद तिथे खरखरीत झाला. मी त्यावर नखाने घासून तो सपाट केला.

थोड्या वेळाने हेमा आली. दरवर्षी हस्तलिखित तीच शिवायची. घरून जाळ्याचा नायलॉनचा दोरा आणि जाळं विणायची सुई आणायची. तिची गाठ सुटत नसे. सरांनी घाईत एकदा पानं चाळली, समासाकडे पाहिलं आणि पानं हेमाकडे दिली. मी पुसलेलं त्यांना कळलं की त्यांनीच पुसलं असं त्यांना वाटलं, हे मला कधीच समजलं नाही. आता ते नाहीत.

आमच्याकडे समासात प्रश्न उरला नसेल, तर सांगणाऱ्याला आपली आठवण सर्वांत शेवटी, वाचनाच्या दिवशीच ऐकायला मिळते. सर्वांसमोर मी ते वाचलं. हेमा खिडकीशी बसली होती. शेवटचं वाक्य वाचताना मी मान वर केली नाही. नंतर नळावर पाणी पिताना ती माझ्याजवळ आली. मला वाटलं भांडेल. तिने तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरा लिवलास." पुढचे काही दिवस ती मला कोर्टवाली म्हणाली नाही. त्याचा अर्थ मी तेव्हा चांगला लावला.

ते पान गाजलं. पुढे कॉलेजच्या अंकात मी ते पुन्हा लिहिलं, लोकांनी पाठ थोपटली. मी लिहू शकते असं लोक म्हणतात ते तिथून. हेमाने दहावीनंतर शाळा सोडली. गावातच लग्न झालं, आईच्या घरापासून चार घरांवर. मी थळला जायचे तेव्हा ती वलांडीवर बोंबील टाकत असायची. बांबूंवर जोडीजोडीने अडकवलेले, तोंडात तोंड गुंतवलेले बोंबील. मी मदत करायला लागले की म्हणायची, "ऱ्हाऊ दे, तुजा हात लागला तर ते पन शुद्ध बोलाया लागतील." जवळच्या खत कारखान्याचा भोंगा झाला की तिची सासू घड्याळ न बघता चहा टाकायची.

तिची मुलगी तन्वी रांगत होती त्या वर्षीची गोष्ट. आम्ही दारात बसलो होतो. हेमाने मध्येच हात थांबवला आणि म्हणाली, "कोर्टवाली, एक गंमत सांगू? आता मना तसाच दिसतं. तू लिवलास तसा. बाबा वळतं, हात करतं. पयला कसा व्हता तो आठवाया गेली की आठवतच नाय." तिने हसून सांगितलं. माझ्या हातात चहाचा कप होता. बोलायला ती योग्य वेळ होती. पण तिला आनंद झालेला दिसत होता, आणि मी कोण तो काढून घेणारी, असं मी मनात म्हटलं. खरं तर मला माझं वाक्य काढायचं नव्हतं.

गेल्या भाद्रपदात हेमा गेली. पोटाचं दुखणं अंगावर काढलं होतं; कळलं तेव्हा हातातून गेलं होतं. मी रुग्णालयात दोनदा गेले. दुसऱ्या वेळी ती नर्सला बाबांबद्दल सांगत होती. की तो जाताना वळला होता आणि त्याने असा हात केला होता. सलाइन लावलेला हात तिने जेवढा उचलता येईल तेवढा उचलला. नर्सने तो अलगद खाली ठेवला. मी शहाळं घेऊन दाराशी उभी होते.

तन्वी या वर्षी नववीत आहे. सरांनंतर आता मी घेते त्या लेखनवर्गात तिने स्वतःहून नाव दिलं. आईसारखी बडबडी नाही; डबा मात्र तसाच सताड उघडा ठेवते. जानेवारीत आम्ही पोपटी लावली. तिची जोडी आफरीनशी. मी लांबून पाहत होते. तन्वी काटकीने मातीत रेघा ओढत होती आणि आफरीन ओढणी हनुवटीखाली धरून ऐकत होती. मी पाणी शिंपडायला उशीर केला. शेंगा थोड्या करपल्या. मुलांनी मला नावं ठेवली.

फेब्रुवारीच्या अखेरीला पानं माझ्या टेबलावर आली. आफरीनचं अक्षर गोल, ठसठशीत. तिने तन्वीचं 'मी' होऊन लिहिलं होतं. आई आजारी असताना मी तिचे केस विंचरायचे, आई तिच्या बाबांची गोष्ट सांगायची. आणि शेवटी: 'आई म्हणायची, होडीत चढल्यावर बाबा वळले आणि त्यांनी हात वर केला.' शब्दही तेच. माझे.

मी पेन्सिल उचलली आणि ठेवली. पुन्हा उचलली. त्या मुलीकडे आईचं काय उरलं होतं? एक कंगवा, काही साड्या, आणि हे वाक्य. ते मी समासात दोन शब्द लिहून काढून घ्यायचं? आणि नाही लिहिलं, तर बाकीच्या मुलांच्या पानांवर मी तो प्रश्न कोणत्या तोंडाने लिहायचा? पान पिशवीत घालून मी थळची एसटी पकडली.

हेमाच्या आईला मी काकी म्हणते. सत्तरी उलटली आहे, अजून बाजारात बसते. ती दारात सुकी मासळी निवडत होती. लहान वेगळी, मोठी वेगळी. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. रेडिओपासून. हेमाने सांगू नको म्हटलं होतं तेही. माझा खोडरबर, खरखरीत कागद, सगळं. इतकी वर्षं मनात ठेवलेली गोष्ट बोलायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

काकी निवडत राहिली. मग म्हणाली, "रेडिओ व्हय? त्यो तर आदीच बिघडलेला. घरघर करं नुसता. तो पडला तवा तुजा काका हसला व्हता. म्हनला, सुटली पीडा."

मग काका बोलले का नाहीत तिच्याशी, मी विचारलं.

"दाढ दुकत व्हती त्याची. गाल ह्यो एवरा सुजलेला. माज्याशी तरी कुठं बोलला?"

पुढचं तिनेच सांगितलं. "न् होरीत चढताना कोन मागं बघतं गो? पान्यात पडंल. पाय बघून चढाया लागतं. आमच्यात लान पोराला पन ठावं असतं." तिने एक मासा लहानांतून उचलून मोठ्यांत टाकला. "हेमीला ठावं असाया पायजे व्हतं. पन ती लान व्हती. न् मंग कुनी इचारलाच नाय मना. ती पन नाय, तू पन नाय."

अंगणात कोंबड्या मासळीच्या वासाने घुटमळत होत्या. काकीने एकीला चप्पल फेकून मारली. मग आवाज न बदलता सांगितलं, की शेवटच्या दोन दिवसांत हेमाने तिला विचारलं होतं. आये, बाबानी हात केला व्हता ना? खरा केला व्हता ना?

"मग?" मी विचारलं.

"केला व्हता, बोलली. मरनाऱ्या मानसाला काय समजवत बसू? दाढ, न् होरी, न् काय." तिने सूप झटकलं. "पन ती इचारत व्हती म्हंजे तिला खरा वाटत नव्हता. कवापासनं वाटत नसल कोन जानं."

मी तिथे रडले. काकी रडली नाही; तिने मला पाणी दिलं आणि मी जायला उठले तेव्हा पिशवीतल्या पानाकडे बोट केलं. पोरीचं काय करू, मी विचारलं. ती म्हणाली, "इचार. तुजा काम हाय तो. सांगाया मी हाय अजून."

शनिवारी मी समासात लिहिलं: कोणी पाहिलं? प्रश्नचिन्ह वाकडं आलं. आफरीनने पान वाचलं, तन्वीकडे सरकवलं. दोघी कुजबुजल्या. आजीला विचारावं लागेल मॅडम, तन्वी म्हणाली. मी म्हटलं, विचार.

पुढच्या शनिवारी आफरीनने संपूर्ण पान पुन्हा लिहून आणलं. कोणी सांगितलं नव्हतं. कच्च्या पानावर त्या वाक्याला एकच सरळ रेघ होती. नव्या पानाचा शेवट असा: 'मी आजीला विचारलं. आजोबांनी मागे पाहिलं नाही. होडीत चढताना कोणी मागे पाहत नाही, पाय पाहावे लागतात. त्यांची दाढ दुखत होती. ते माझ्या आईवर रागावले नव्हते.' आणि समासात, मी अजून प्रश्न लिहिलेला नसताना, तन्वीच्या वाकड्या भराभर अक्षरात उत्तर होतं: आजीने पाहिलं.

मुलं गेली. तन्वी रेंगाळली. दप्तराचा बंद बोटाला गुंडाळत तिने विचारलं, "मॅडम, हे आईला माहीत होतं का?"

"नाही."

"का नाही?"

कपाटात जुनी हस्तलिखितं आहेत. आमच्या वर्षाचं मी काढून तिच्या हातात दिलं. आधी तिचं लक्ष कडेच्या दोऱ्याकडे गेलं. ही आईची गाठ आहे, ती म्हणाली, आणि गाठीवरून बोट फिरवत राहिली. मग तिने माझं पान शोधलं. उभ्याउभ्याच वाचलं. शेवटच्या वाक्याशी आली आणि समासातल्या त्या खरखरीत जागेवर तिचा अंगठा थांबला. तिने पान खिडकीकडे धरलं. कागद तिथे इतका झिजला आहे की उजेड आरपार येतो.

मी म्हटलं, इथे सरांनी काही लिहिलं होतं. मी ते पुसलं.

काय लिहिलं होतं, हे तिने विचारलं नाही. वर्गातल्या कोणालाही ते विचारावं लागत नाही. तिने माझ्या टेबलावरची पेन्सिल घेतली, हस्तलिखित बाकावर ठेवलं, आणि त्या झिजलेल्या जागेवर, कागद फाटू नये म्हणून अगदी हलक्या हाताने, दोन शब्द लिहिले. मग माझ्याकडे पाहिलं. उत्तराची वाट पाहताना मुलं पाहतात तसं.

"कोणीच नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली. खोडरबर माझ्या खिशातच होता. ती मागेल म्हणून मी तो बाहेर काढला. तिने मागितला नाही. पेन्सिल जागेवर ठेवली, हस्तलिखित मिटलं, आणि दप्तर पाठीला लावून तिच्या एसटीसाठी निघाली.